शमीमनं बिघडवलेली खेळणी

शमीम गेल्याचं मला मोबाइलवर कळलं. आमच्या शाळेतल्या निवृत्त शिक्षकांचा एक ग्रुप आहे. सकाळी सुविचार, दुपारी गुडघेदुखीवरचे उपाय आणि अधूनमधून कुणीतरी गेल्याची बातमी, असा त्याचा दिनक्रम. त्या सकाळी सुविचाराच्या खालीच लिहिलेलं होतं, 'आपल्या विज्ञानाच्या तांबोळीबाई पहाटे गेल्या. ईश्वर त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो.' मग एकामागून एक सगळ्यांची चिरशांती सुरू झाली... मी चहाचा कप हातात धरून ते वाचत बसले. रडू यायला हवं होतं, आला तो राग. मी लिहिलं, 'चिरशांती मागू नका. तिला शांतता कधीच मानवली नाही. अल्ला तिच्याजवळ एक स्क्रू ड्रायव्हर आणि चार सेल ठेवो.' थोड्या वेळानं कुणीतरी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं आणि त्याखाली गुडघ्यांसाठी मेथीचं पाणी आलं.

त्याला आता काही आठवडे झाले. राग गेलेला नाही, आणि जावा असं मला वाटतही नाही. भेटतील ती माणसं शमीमबद्दल 'हौशी होत्या हो', 'जरा वेगळ्याच होत्या' असं म्हणतात, आणि 'जरा वेगळ्या' म्हणताना पुणेकराचा ओठ ज्या बाजूला वळतो ती मला पाठ आहे. म्हणून हे लिहिते आहे. शमीम तांबोळी हौशी नव्हती. ती वादक होती आणि स्वतःची वाद्यं स्वतः घडवत होती. ती वाद्यं म्हणजे मुलांनी टाकून दिलेली, बॅटरीवर चालणारी जुनी खेळणी होती, एवढंच.

आम्ही दोघी मुलींच्या एकाच शाळेत. ती विज्ञान शिकवायची, मी गाणं. शनिवार पेठेत तिच्या धाकट्या भावाचं, अन्वरभाईंचं, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, अजून आहे, आणि त्याच्या वरच्या मजल्यावर बहीणभाऊ राहायचे. दोघांनीही लग्न केलं नाही. अन्वरभाई म्हणजे दुरुस्तीतला अत्यंत टापटिपीचा माणूस. डाग देताना कथलाचा एक थेंब इकडचा तिकडे होणार नाही. शाळा सुटली की शमीम दुकानाच्या मागच्या टेबलावर वह्या तपासत बसायची. एकदा कुणाचा तरी बोलणारा प्लास्टिकचा पोपट दुरुस्तीला आला होता आणि मागचं झाकण उघडून टेबलावर पडला होता. शमीम हात धुऊन आली आणि ओल्या बोटानं तो बाजूला सारायला गेली. बोट आतल्या सर्किटच्या हिरव्या पट्टीला लागलं मात्र, 'गुड मॉर्निंग' म्हणणारा तो पोपट जात्यात अडकल्यासारखा घरघरला, खाली खाली गेला आणि मग एकदम उंच शीळ घालून थांबला. मी समोरच बसले होते. शमीमनं बोट उचललं, पोपट म्हणाला, 'गुड मॉर्निंग.' बोट ठेवलं, पुन्हा घरघर. तिनं माझ्याकडे जे बघितलं ना... तशी ती मला शाळेत कधीच दिसली नव्हती.

"आपा, गिऱ्हाईकाचं आहे ते!" अन्वरभाई ओरडले.

"गिऱ्हाईकाला माहीत आहे का, याला एवढं सगळं बोलता येतं?" शमीम म्हणाली.

पोपट अर्थातच नीट होऊन परत गेला. पण पुढच्या रविवारी बाई जुन्या बाजारात हजर. इंग्रजी अक्षरं शिकवणारा लाल डबा, गाईम्हशींचे आवाज काढणारा छोटा पियानो, सायरनची मोटार, डोळे मिटणारी आणि रडणारी बाहुली, असलं काय काय पिशवी भरून घरी आणायची. तिची पद्धत ठरलेली होती. खेळणं चालणारं सेलवरच पाहिजे, घरच्या विजेला जोडायचं नाही, कारण आतल्या पट्टीला हात लावायचा तर मरायची तयारी नको. झाकण उघडायचं, खेळणं सुरू करायचं, बोट ओलं करायचं आणि पट्टीवरून हळूहळू फिरवत जायचं. जिथे आवाज वाकेल, अडखळेल, ओरडेल, तिथे नेलपॉलिशचा लाल ठिपका. जन्मात कधी नखाला न लावलेल्या नेलपॉलिशच्या तिच्याकडे बाटल्याच्या बाटल्या असायच्या. मग त्या ठिपक्यांना वायरी जोडायच्या, प्लास्टिकला भोकं पाडून बाहेर बटणं आणि कान पिळायचे खुंटे बसवायचे. काही ठिकाणी ती चित्रकलेच्या पितळी पिना लावायची. त्यांच्यावर नुसती बोटं टेकली की वाजवणाऱ्याच्या अंगातून वीज जायची, जाणवणारही नाही इतकी कमी, आणि बोट ओलं की कोरडं, दाबलेलं की टेकलेलं, यावर आवाज बदलायचा. तेच खेळणं मी वाजवलं तर कुरकुरायचं आणि तिनं वाजवलं तर हंबरायचं. 

मी बारा वर्षं गुरूंसमोर बसून गाणं शिकलेली. मी तिला स्पष्टच विचारलं, "शमीम, यात सूर कुठे आहे?"

"सूर सांभाळायला तू आहेस की. मी उरलेलं सांभाळते."

ते 'उरलेलं' कानात बसलं. दोन सुरांच्या मधली जी जागा आम्ही मींडेनं घाईघाईत ओलांडतो, तिथे हिची बाहुली मुक्काम ठोकून बसायची. मी एकदा तंबोरा घेऊन गेले आणि नुसता षड्ज लावला. शमीमनं लाल डबा हातात घेतला. डबा माझ्या षड्जाच्या आसपास घुटमळला, खाली घसरला, ए बी सी डीचे तुकडे ओकला, आणि कसा कोण जाणे, माझ्या सुराला येऊन घासला. अंगावर काटा आला. त्यानंतर आम्ही वर्षानुवर्षं एकत्र वाजवलं. माझी एक गुरुभगिनी घरी येऊन म्हणाली, "कुंदा, हे तुला शोभत नाही." मी म्हटलं, "शोभायला मी काय झुंबर आहे?" तिनं येणं बंद केलं. तिच्यामागोमाग आणखीही काहींनी केलं. करोत बापडी.

डेक्कनजवळच्या एका लहान सभागृहात आमचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. श्रोत्यांत निम्मे आमचे शेजारी आणि सहकारी, म्हणजे संकोचानं आलेले, आणि निम्मी खराडीच्या ऑफिसांतली तरुण मुलं. त्यातल्या एकीनं आधीच येऊन सांगितलं होतं, "मॅम, याला सर्किट बेंडिंग म्हणतात, जगभर कम्युनिटी आहे, तुम्ही टोटली ओजी आहात, म्हणजे ओरिजिनल!" शमीम म्हणाली, "असं होय? मी आपली बिघडवते." कार्यक्रम सुरू झाला. बाहुली रडली, मोटार विव्हळली, पियानोतली गाय लांबच लांब हंबरली आणि मी त्यावर मंद्रात आलाप घेतला. मध्येच पहिल्या रांगेतले एक काका उभे राहिले. पुण्यात कार्यक्रमात मध्येच उभं राहायचा हक्क पहिल्या रांगेला असतोच.

"अहो बाई, हे दुरुस्त करून आणायचं होतं. घरातच दुकान आहे ना तुमचं?"

लोक हसले. शेवटच्या रांगेत बसलेल्या अन्वरभाईंनी मान खाली घातली. शमीमनं मोटार बंद केली, चष्मा पुसला आणि शाळेतल्या आवाजात म्हणाली, "दुरुस्त करूनच आणलंय. आधी याला एकच गाणं येत होतं, तेही दुसऱ्यानं शिकवलेलं. आपण बसा, अजून अर्धा तास आहे." काका बसले. शमीम पुढे चाळीस मिनिटं वाजवत होती.

घरी जाताना रिक्षात अन्वरभाई बाहेर तोंड करून बसले. या माणसाचं दुःख मला तेव्हा कळत होतं आणि आजही कळतं. आयुष्यभर लोकांच्या बंद पडलेल्या वस्तू बोलत्या केल्या, आणि सख्खी बहीण बोलत्या वस्तू आजारी पाडते आणि वर चारचौघांत मिरवते! "आपा, एकदा माझ्या हातात दे, एका दिवसात सगळी नीट करून देतो," असं ते तिला वरचेवर म्हणायचे. ती म्हणायची, "हात लावलास तर तुझ्या रेडिओंना बोट लावीन." दोघंही हसायचे. पण खेळणी ती कपाटात कुलूपबंद ठेवायची, हेही खरं.

मग फुप्फुसांचं दुखणं आलं. हॉस्पिटलात तिच्या उशाशी टुकटुक करणारं यंत्र होतं. नर्स बाहेर गेली की मला म्हणायची, "मागचं झाकण उघडू देतील का गं?" एका दुपारी मी विचारलं, तुझ्या त्या सगळ्यांचं काय करायचं? तिनं नाकावरची नळी सारखी केली. "वाजवा. वाजवून बंद पडली तर पडू देत. फक्त..." पुढे खोकला आला, तो थांबेना, आणि ते वाक्य तसंच राहिलं. कपाटाची किल्ली तिनं अन्वरभाईंकडे दिली होती. दुसऱ्या कुणाकडे देणार होती?

मयतीला चाळीस दिवस झाले आणि अन्वरभाईंचा फोन आला. "ताई, दुकानात या. तुम्हाला काही दाखवायचंय." मी गेले. काउंटरवर पांढरं कापड अंथरलं होतं आणि त्यावर शमीमची सगळी वाद्यं ओळीनं मांडली होती. धुतलेली, पुसलेली, चकचकीत. वायरी नाहीत, खुंटे नाहीत. प्लास्टिकची भोकं लांबी भरून बुजवलेली, वर रंगाशी रंग जुळवलेला. अन्वरभाईंनी लाल डब्याचं बटण दाबलं. डबा स्वच्छ आवाजात म्हणाला, 'ए फॉर ॲपल.' बाहुली गोड रडली आणि गप्प झाली. पियानोतली गाय गाईसारखी हंबरली.

"चाळीस दिवस होईपर्यंत दुसरं काम घेतलं नाही," अन्वरभाई म्हणाले. "दिवसरात्र हेच. एकूण एक नीट केलंय, ताई. अनाथाश्रमातल्या मुलांना देऊ या आपाच्या नावानं. तिनं आयुष्यभर हात लावू दिला नाही... शेवटी मी तिचं एवढं तरी..."

मी काय करायला हवं होतं? त्यांचा हात हातात घ्यायला हवा होता, असं वाचणाऱ्याला वाटेल. मी ओरडले. भर दुकानात, गिऱ्हाईकांसमोर ओरडले. "अन्वरभाई, तुम्ही तिला पुसून टाकलंत! ही तिची वाद्यं होती. एकेक आवाज शोधायला तिला महिने लागले होते!" ते गोंधळले. म्हणाले, "आवाज बिघडलेले होते हो." मी त्या पियानोचं झाकण काढायला लावलं. आतली पट्टी हिरवीगार, नव्यासारखी. लाल ठिपके कुठे गेले म्हणून विचारलं. "नेलपॉलिश सांडलं होतं जागोजागी, स्पिरिटनं साफ केलं," ते म्हणाले आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून थांबले. मग त्यांनी स्वतःच पट्टीकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या कारागिराला समजायला वेळ लागला नाही. त्यांनी स्टूल ओढलं आणि खाली बसले. "ते डाग नव्हते," ते म्हणाले. मी म्हटलं, "नव्हते."

मी त्या दिवशी ओरडले याचं मला वाईट वाटत नाही. त्यांनी ते सगळं मायेनं केलं होतं, हे मला कळत होतं. पण मायेनं पुसलं तरी पुसलेलंच असतं. चिरशांती मागणारेही मायेनंच मागत होते. माणूस गेला की त्याला नीटनेटका करून, त्याची टोकं घासून, सगळ्यांना झेपेल असा करून कपाटात ठेवायची आपल्याला भारी घाई असते. शमीमच्या बाबतीत मी तसं होऊ देणार नाही. मी जिवंत आहे तोवर तरी नाही.

काल मी पुन्हा दुकानात गेले. काउंटरवरचं पांढरं कापड तसंच होतं, खेळणीही तशीच. अनाथाश्रमात काही गेलं नव्हतं. मी लाल डबा उचलला आणि म्हटलं, "उघडा." अन्वरभाईंनी मागचे स्क्रू काढले. डबा 'ए फॉर ॲपल' म्हणू लागला. मी पाण्याच्या भांड्यात बोट बुडवलं आणि पट्टीवर ठेवलं. काही नाही. सरकवलं, काही नाही. बी झालं, सी झालं, डी झालं, डबा आपला आज्ञाधारक. "तिथे नाही, त्या काळ्या तुकड्याच्या डावीकडे," अन्वरभाई पुटपुटले, "तिथे पातळ वायर होती तिची. मीच काढली." मी बोट तिथे नेलं आणि... डबा कण्हला. एफच्या मधोमध मोडला, खोल गेला, तळाशी जाऊन घरघरत राहिला. शमीमचा आवाज नव्हता तो, ती याहून किती तरी बरं वाजवायची. पण ए फॉर ॲपलही नव्हता.

रस्त्यावरून जाणारे दोघेतिघे थांबले. एकानं आत डोकावून विचारलं, "काय झालं हो, शॉर्ट झालं का?" अन्वरभाई उठले. मला वाटलं, आता हे शटर अर्ध्यावर ओढतील, निदान डब्याचे सेल तरी काढतील. ते भिंतीशी गेले आणि त्यांनी डोक्यावर खडखडणारा पंखा बंद केला.

"ताई, बोट उचलू नका," ते म्हणाले. "आता नीट ऐकू येतंय."