तुरीच्या सोल्यांसोबतची वाइन

मुलीचा फोन आला तेव्हा मी अंगणात मेथी निवडत बसले होते. ती आणि जावई पुण्यात असतात. जावई गोव्याचा, ख्रिश्चन. लग्नाच्या वेळी दोन्हीकडे जे काही रुसवेफुगवे झाले ते आता कुणाला आठवतही नाहीत. त्याचे वडील यंदा पावसाळ्यात गेले. ध्यानीमनी नसताना, दुपारी झोपले ते उठलेच नाहीत.

"आई, मम्मींना यंदा नाताळला त्या घरात राहायचं नाही," मुलगी म्हणाली. "पुण्याला आणलं, तर दिवसभर खिडकीत बसून असतात. आम्ही त्यांना घेऊन दारव्ह्याला येऊ का?"

"ये ना. विचारून कायले राह्यली?" मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग मेथीची जुडी तशीच हातात राहिली.

मला त्यांच्या घरचा नाताळ आठवला. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्यांनी आम्हा दोघांना आग्रहानं बोलावलं होतं. जेवायला बसण्याआधी व्याही उठले, कपाटातून वाइनची बाटली काढली आणि पहिला लहान पेला आपल्या बायकोपुढं ठेवला. मग बाकीच्यांना. आमच्या ह्यांनी संकोचानं हात आडवा धरला, तर ते हसून म्हणाले, "महाग नाही हो, भिऊ नका. जेवणाला शोभली म्हणजे पुरे." विहीणबाईंनी डोळे मिटून दोन शब्दांची प्रार्थना केली, घोट घेतला आणि मगच भात वाढला. त्यांचा सण तिथून सुरू व्हायचा.

त्या आपल्याकडे येणार आणि ताटाशेजारी नुसता पाण्याचा तांब्या, हे मला बरं वाटेना. पण आमच्या घरात वाइन आणायची म्हणजे साधी गोष्ट नव्हती.

आमच्या अंगणाच्या पलीकडच्या दोन खोल्यांत माझी धाकटी जाऊ राहते; तिची मुलगी लग्न होऊन सासरी गेली. माझे धाकटे दीर दारूनं गेले. आधी नोकरी गेली, मग तब्येत गेली, शेवटी ते गेले. तेव्हापासून आमच्या घरात कुणी थेंब आणला नाही. होळीला एखादा पाहुणा बाटली घेऊन आला, तर धाकटी उठायची, स्कूटी काढायची आणि शेतावर निघून जायची. शेत तीच बघते. कापूस, तूर, धुऱ्यावर म्हणजे बांधावर वांगी आणि मिरच्या. मी पंचायत समितीत नोकरी केली, हे सिंचन खात्यात होते. आम्हा दोघांना शेतातलं काही कळत नाही. घरात दाणा येतो तो तिच्यामुळं.

संध्याकाळी मी तिला सगळं सांगितलं. लपवून काही करायचं नव्हतं. ती शेतातून आणलेल्या तुरीच्या शेंगा सोलत होती. ऐकता ऐकता सोलत राहिली. शेंगा संपल्यावर सालपटं गोळा करून गाईपुढं टाकायला गेली, ती परत आलीच नाही. मी मनात म्हटलं, झालं, विषय संपला.

सकाळी चहा घेऊन तीच आली.

"ताई, नवऱ्याबिगर पहिला सण कसा जाते ते मले माहीत आहे," ती म्हणाली. "आणा तुमी. पण मी संग येतो."

"तू? दुकानात?"

"मी आजवर बाटल्या फेकायलेच हातात घेतल्या. एक डाव घ्यायले जाऊन पाह्यतो."

दारव्ह्यात घेणं शक्यच नव्हतं. बाटली पिशवीत पडायच्या आधी बातमी कॉलनीत पोचली असती. आम्ही एसटीनं यवतमाळला गेलो. जायच्या आधी मी फोनवर बरंच वाचलं होतं. कोणत्या जेवणाबरोबर कोणती वाइन, याच्यावर लोकांनी ढीगभर लिहून ठेवलंय. चीज, सामन मासा, भाजलेली टर्की. तुरीच्या सोल्यांचं, म्हणजे ओल्या दाण्यांचं, आणि गावरान कोंबडीच्या रश्श्याचं मात्र कुठं नाव नव्हतं. दोनच गोष्टी माझ्या लक्षात राहिल्या: तिखटाबरोबर पांढरी, थोडी गोडसर घ्यावी, आणि उन्हात तापलेली बाटली घेऊ नये.

दुकानापुढं जाळीत हात घालून पुरुष उभे होते. आम्हा दोघींना पाहून ते आपोआप बाजूला सरकले, जणू काही आम्ही कुणाला शोधायला आलो होतो. माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. धाकटी मात्र पदर खोचून सरळ जाळीपाशी गेली.

"वाइन पाह्यजे," ती म्हणाली.

दुकानदार चष्म्यावरून बघत राहिला. "केकमंधी टाकायले का, ताई?"

"नाई. जेवणासंग."

"जेवणासंग?" त्यानं एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं पाहिलं. मग स्टुलावर चढून वरच्या फळीवरून एक लाल वाइन काढली, फडक्यानं पुसली आणि म्हणाला, "ही घ्या. चांगली मुरलेली आहे. जितकी जुनी तितकी भारी."

मी बाटली हातात घेतली. वर पत्रा होता, पंखासुद्धा नव्हता. आमच्याकडचे उन्हाळे कसे असतात ते मी त्याला काय सांगणार? त्या फळीवर त्या बाटलीनं असे बरेच उन्हाळे काढले होते. "नवीन आलेली नाही का?" मी विचारलं. त्याला आश्चर्य वाटलं, पण आत जाऊन त्यानं खोक्यातल्या दाखवल्या. नाशिककडच्याच, साध्या, फिरकीच्या झाकणाच्या. खोक्यात अर्ध्या मापाच्या बाटल्याही होत्या. एक लाल आणि एक गोडसर पांढरी, अशा दोन अर्ध्या मी आधी चाखून बघायला घेतल्या. दोन्ही मिळून किंमत म्हणाल तर घरात नेसायच्या साडीइतकीसुद्धा झाली नाही. गावाला परतताना धाकटीनं पिशवी मांडीवर घट्ट धरली होती. वाटेत एकदाच बोलली, "काच वाजून राह्यली का ताई?" मी माझा रुमाल दोन बाटल्यांच्या मधे सरकवला.

रविवारी दुपारी तिनं स्वयंपाक केला. कोंबडीचा रस्सा, तूर-काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, सोल्यांची भाजी, भाकरी, शेवटी पुरणपोळी. मी वाइन स्टीलच्या वाट्यांत ओतली, कारण आमच्याकडं पेले नव्हते. धाकटी पिणार नव्हती, हे मला ठाऊक होतं. पण तिनं लाल वाइनची वाटी उचलली आणि नाकाशी नेली.

"हे फाटकातून आत आले, का मले वासावरनं समजे," ती म्हणाली. "कोणती घेतली, किती घेतली, सारं. मंग मी पोरीले आतल्या खोलीत नेत जाओ." तिनं पुन्हा वास घेतला. "हे तसं नाई. भिजवल्या मनुक्यासारखं वास मारते." आणि वाटी माझ्या हातात देऊन ती भाकरी टाकायला बसली. तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही, आणि मी विचारलंही नाही. तिची भाकरी फुगली, तिनं ती माझ्या ताटात टाकली.

चाखायचं काम माझ्याकडं आणि ह्यांच्याकडं आलं. ह्यांनी लाल वाइनचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "कच्चं जांभूळ चावल्यासारखं." त्यावर मी रश्श्याचा घास घेतला, तर तोंडात नुसता जाळ झाला. तिखट दुप्पट लागलं. मी पाण्याकडं हात नेला तेव्हा धाकटी हसायला लागली. मग फ्रिजमधली पांढरी घेतली. ती रश्श्याबरोबर सुखाची वाटली. जीभ निवली आणि मसाल्याची चवही राहिली. सोल्यांच्या भाजीलाही तीच चालली. लाल टाकून द्यावी असं ह्यांचं मत पडलं होतं, पण शेवटी त्यांनी सहज भरिताच्या घासावर ती घेतली आणि थांबले.

"हे जमते," ते म्हणाले. "धुराचा वास अन् हे, दोन्ही एका गावचे वाटून राह्यले."

पुरणपोळीबरोबर मात्र दोन्ही आंबट लागल्या. पुरणपोळीला तूपच बरं, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी एकट्यानं यवतमाळला जाऊन त्याच दोन प्रकारच्या मोठ्या बाटल्या आणल्या, आणि येताना काचेचे सहा पेले.

नाताळच्या आदल्या दिवशी सकाळी ट्रॅव्हल्सनं तिघं आले. विहीणबाई बारीक झाल्या होत्या. काळा पोशाख, हातात एक लहान बॅग. धाकटीला मिठी मारताना त्या म्हणाल्या, "तुम्हाला त्रास नाही ना झाला?" धाकटीनं त्यांची बॅग काढून घेतली.

नाताळच्या दिवशी दुपारी पानं मांडली. मधे ताजा रस्सा, एका बाजूला भरीत, सोल्यांची भाजी. मी पांढरी वाइन फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवली, शेजारी लाल. विहीणबाईंनी बाटल्यांकडं पाहिलं, मग धाकटीकडं. माझ्या मुलीनं त्यांना दिरांबद्दल कधीतरी सांगितलं असणार. त्यांनी आपल्यापुढचा पेला उलटा केला.

"नको बाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "ह्या घरात नको. माझं काही अडत नाही त्याच्यावाचून."

जावयानं मान खाली घातली. धाकटी वाढत होती, तिनं हातातली पळी ठेवली, त्यांच्या खुर्चीपाशी आली आणि पेला सुलटा केला.

"विहीणबाई, पयली म्याच जाऊन आणली. आमी त्याच्यापायी एक सैपाक आधी करून पाह्यला," ती म्हणाली. "रश्श्यासंग ही पांढरी घ्याची, अन् भरितासंग लाल. उलटं केलं तर तोंड भाजते. ताईचं भाजलं."

आणि तिनंच बाटलीचं झाकण फिरवलं. थोडी वाइन टेबलावर सांडली, पण तिनं पेला भरला आणि त्यांच्यापुढं ठेवला.

विहीणबाई रडल्या. मोठ्यानं नाही, फक्त डोळे पुसत राहिल्या. मग डोळे मिटून त्यांनी ती प्रार्थना म्हटली, एक घोट घेतला आणि भाताचं भांडं आपल्याकडं ओढलं. "मी वाढते," त्या म्हणाल्या. आम्ही कुणी त्यांना अडवलं नाही.

जेवताना त्या नवऱ्याबद्दल बोलल्या. दुकानात जाऊन सगळ्यात स्वस्त बाटली उचलायचे आणि घरी आल्यावर ती किती चांगली आहे हे सगळ्यांना पटवून द्यायचे. रश्श्यावर पांढरी घेतल्यावर म्हणाल्या, "हे त्यांना आवडलं असतं. पण भरितासोबत लाल, हे त्यांनी मानलं नसतं. भांडले असते." जावई हसला. बरेच महिने झाले होते त्याला आईसमोर तसं हसून, असं मुलीनं नंतर मला स्वयंपाकघरात सांगितलं. मग विहीणबाई धाकटीकडं वळल्या.

"तुमचे मिस्टर कसे होते? म्हणजे, आजारी पडायच्या आधी?"

हा प्रश्न धाकटीला कुणी विचारलेला मी ऐकला नव्हता. दिरांचं नाव निघालं की आमच्याकडं एकच गोष्ट निघते आणि तिथंच बोलणं बंद होतं.

धाकटीनं पाणी प्यायलं. "शिट्टी वाजवत जाये," ती म्हणाली. "वावरात गेले की. धुऱ्यावरनं शिट्टी मारली का मले घरापर्यंत ऐकू येई असं म्हणत जाये. येत नव्हती ऐकू. मी मात्र म्हणो, आली." मग ती म्हणाली, "लग्नानंतर मले सायकल शिकवली त्यायनं. लोकं हासत. हे म्हणत, हासू दे."

त्यानंतर ती बरंच बोलली. आमचे हे ताटात बोटं तशीच ठेवून ऐकत होते. भावाच्या या गोष्टी त्यांनाही नव्या होत्या. पुरणपोळी वाढेपर्यंत दोन्ही बाटल्या अर्ध्याच उतरल्या होत्या, पण कुणी उठायचं नाव घेईना.

दुसऱ्या दिवशी मुलगी-जावई यवतमाळला मैत्रिणीकडं गेली. विहीणबाई म्हणाल्या, मला शेत बघायचंय. धाकटीनं त्यांना स्कूटीवर मागं बसवलं. विहीणबाईंनी झग्यावर माझी शाल गुंडाळली होती आणि दोन्ही हातांनी धाकटीला धरलं होतं. मी ऑटोनं मागून गेले.

मी पोचले तेव्हा दोघी तुरीच्या ओळींमधल्या सावलीत ताडपत्री टाकून बसल्या होत्या. मधे शेंगांचा ढीग होता. विहीणबाईंना सोलणं जमत नव्हतं. दाणे उडून त्यांच्या मांडीवर पडत होते, आणि त्या ते उचलून तोंडात टाकत होत्या. धाकटी त्यांना अंगठ्यानं शेंग कुठं दाबायची ते दाखवत होती.

"आमच्याकडं ह्या दिवसांत काजूला मोहोर येतो," विहीणबाई सांगत होत्या. "उन्हाळ्यात बोंडं पिकली की तुम्ही या. दोघी मिळून वेचू."

"उन्हाळ्यात वावर मोकळंच राह्यते," धाकटी म्हणाली. "येतो मी."

"एकट्या?"

"काहून? स्कूटीवर नाई येत, रेल्वेनं येतो."

विहीणबाई मोठ्यानं हसल्या. मी चपला काढून ताडपत्रीवर बसले आणि ढिगातली मूठभर शेंगा माझ्याकडं ओढल्या.