हमीदचाचांना न ऐकू आलेला सूर

हमीदचाचा गेल्याचं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं तेव्हा मी वर्गात होते. पुढचा तास मी घेतला, कसा ते आठवत नाही... मंगरूळपीरला त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आसेगावहून शाळेला येणाऱ्या मला, एसटीची वाट पाहताना, सर्किटचा नकाशा वाचायला त्यांनीच शिकवलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. आज मी वाशीमला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, त्यात आईवडिलांइतकाच त्यांचा वाटा आहे.

गेल्या वर्षी आम्ही दोघांनी दोन बंद पडलेल्या जुन्या घरगुती संगणकांमधून एक उभा केला. कीबोर्डमध्येच सगळं यंत्र असलेला, टीव्हीला जोडायचा तो प्रकार. चित्र आलं, अक्षरं आली. पण तपासणीचा प्रोग्राम लावला की पडद्यावर शेवटी एकच ओळ यायची : आवाजाची चिप खराब. ही चिप आता कुठे तयार होत नाही. ती काढून दुसऱ्या संगणकातली बसवायची, असं चाचांनी ठरवलं. दुसरी चालते की नाही, ठाऊक नव्हतं. आणि काढताना चिपचा एक पाय तुटला की ही कायमची गेली.

तपासणीत तीन सूर वाजतात : जाडा, मधला, बारीक. पहिले दोन वाजले. “पाह्य, तिसरा नाही,” म्हणत चाचांनी सोल्डरिंग आयर्न उचललं. मला मात्र तिसरा स्वच्छ ऐकू आला होता.

“चाचा... वाजला.”

“तुले भास झाला. पडदा बी चिप खराब म्हणून राह्यला, माहा कान बी तेच सांगते. डिग्री तुही, कान माहे!” ते हसले.

मला हसू येईना. उभा जन्म त्यांनी रेडिओचा बिघाड नुसत्या कानानं ओळखला होता. आयर्न तापलं होतं, वितळत्या राळेचा वास येत होता. गप्प राहावं तर चिप जाईल, बोलावं तर... मी काट्याचा मीटर आवाजाच्या तारेला लावला आणि तपासणी पुन्हा सुरू केली. पहिल्या सुराला काटा हलला, दुसऱ्याला हलला. तिसऱ्यालाही, तेवढाच.

चाचांनी काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “परत लाव.” तीनदा लावली. मग त्यांनी आयर्नचा प्लग काढला.

“कवापासून ऐकू येत नसंल मले? लोकाइचे किती रेडिओ असेच देले असतीन म्या... काहून सांगतलं नाही कोणी?”

पडद्यावरच्या ओळीचं कारण नंतर सापडलं. जॉयस्टिकचे सिग्नलही तीच चिप वाचते, आणि त्यासाठी तपासणीच्या वेळी लावायची जोडणी आमच्याकडे नव्हतीच, म्हणून ती ओळ यायची. चिप ठणठणीत होती. पण त्यानंतर फोनवर चाचा दुरुस्तीचा विषय काढेनासे झाले, आणि दुकानात जायचा मला धीर होईना. चिप वाचवताना मी त्यांचा कामाचा हातच तर कायमचा थांबवला नाही ना, ही टोचणी राहिली. ते असताना मी परत गेलेच नाही.

चाळिसाव्या दिवसाच्या दुआला मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा सुनेनं संगणक माझ्यापुढे ठेवला. “अब्बा म्हणत, हा ताईलेच द्या.” झाकण उघडलं. चिप जागेवरच होती, आणि तिच्या आवाजाच्या तारेवर त्यांनी एक बारका लाल दिवा जोडला होता.

“असाच दिवा हरेक रेडिओले लावून पाहत,” ती म्हणाली. “जुने गिऱ्हाईक बलावू बलावू रेडिओ परत तपासले त्याइनं. लोक हसत. अब्बा म्हणत, हसा, पण रेडिओ आना.”

मी संगणक टीव्हीला जोडला, टीव्हीचा आवाज पूर्ण बंद केला आणि तपासणी लावली. दिवा एकदा लागला, दुसऱ्यांदा लागला... मी वाट पाहिली. तिसऱ्यांदाही लागला.