बशीतल्या पेशी आणि आबांची चांदी

आमच्या हुपरीच्या घरी केरालाही मान होता. दिवसभर पैंजण घासताना कानशीखालून उडालेला चांदीचा कीस आबा, म्हणजे माझे वडील, संध्याकाळी झाडून गोळा करायचे आणि तो वितळवून पुन्हा चांदी काढायचे. जेवताना नखांच्या कडा काळ्याच असायच्या. आई ओरडली की म्हणायचे, "पोटात गेली तर काय बिघडत न्हाय. औषध हाय की ती!"

दोन हजार सालानंतर मी कोल्हापुरात एका प्रयोगशाळेत लागले. तेव्हा मोजे, मलमं, कपडे धुण्याची मशिनं, सगळ्यांत चांदीचे अतिसूक्ष्म कण घालायची टूम निघाली होती. त्यानं जंतू मरतात, हे खरं. पण सुक्याबरोबर ओलंही जळतंय का, हे आम्ही पाहत होतो. कोंबडीच्या अंड्यातल्या पिलाच्या मेंदूतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या. त्यांना बारीक फांद्या फुटत, त्या एकमेकींना शिवत. मग चांदीचे कण घालायचे. फांद्या आखडत, तुटत, काही पेशी मरत. मला ते बघवत नसे.

त्याच सुमारास आबांचे हात थरथरू लागले. डॉक्टर म्हणाले, वय झालं. हातातली कपबशी वाजायला लागली तशी आबांनी भट्टी विझवली. एकदा मला भेटायला आले आणि हट्टानं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले.

"ही चांदीनं मेली?"

"व्हय. पण आबा, बशीत झालं ते माणसात हुतंयच असं न्हाय. आणि तुमच्या किसाचा एकेक कण ह्यांच्यापुढं डोंगराएवढा, त्यो पेशीत असा शिरत न्हाय."

"मग माझं हात चांदीनं गेलं का न्हाय?"

"ठाऊक न्हाय. अजून कुणालाच ठाऊक न्हाय."

खरं तेच सांगितलं. पण 'ठाऊक नाही' म्हणून शास्त्राला झोप लागते, माणसाला लागत नाही. मला त्या शब्दांचा अजून राग येतो.

पुढं मला मुलगी झाली. आमच्यात बाळाचे पहिले वाळे आजोबांनी घडवायचे. हात चालत नसले तर शेजाऱ्याकडून करून घ्यायचे, पण चांदी घरचीच. बारशाला आबा रिकामेच आले. "चांदीवाल्याच्या नातीचं पाय उघडं?" बायका कुजबुजल्या. मी बाळ त्यांच्या मांडीवर द्यायला गेले, तर ते मागं सरले.

"नको. हातात चांदी मुरलीया."

"आबा, हात धुतलं की झालं!" मी चारचौघांत ओरडले. रडलेही. ते हलले नाहीत.

पोर चालायला लागली तशी त्यांना बघून धावत सुटायची आणि गुडघ्याला मिठी मारायची. आबा हात पाठीमागं बांधून तसेच उभे राहायचे.