जालन्याचं जिंकलेलं इंजिन

"मागच्या पंधरवड्याच्या रिपोर्टात 'अकम्प्लिश्ड' झालं. आता त्याच्या वरचा शब्द काढा," मॅनेजर माणिकराव म्हणाले आणि त्यांनी टेबलावर अशी थाप मारली की माझ्या टाइपरायटरची घंटी आपोआप वाजली.

शेजारी हबीब मिस्त्री उभा होता. त्याच्या हातात इंजिनातला पिस्टनचा दांडा होता, विळ्यासारखा वाकलेला.

"रावसाब, शब्द ऱ्हाऊ द्या. इंजिन बंद पडून राह्यलं. दांडा नवा मागवा. हंगाम तोंडावर आला."

"मिस्त्री, इंग्रजीचं बोलणं चाललंय इथं."

आमची जिनिंग फॅक्टरी नव्या जालन्यात, स्टेशनच्या अंगाला. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायची. ते काम यंत्रं करतात, यंत्रं पट्ट्यावर फिरतात, पट्टा मोठं चाक फिरवतं आणि चाकाला वाफेच्या जोरावर हा दांडा ढकलतो. दांडा वाकला की सगळा कारखाना म्हणजे पत्र्याचं गोदाम. राज्य निजामाचं, कचेरीत उर्दू, बाजारात मराठी. पण कंपनी मुंबईची, म्हणून रिपोर्ट इंग्रजीत. आणि तो टाइप करणारा सबंध जिल्ह्यात मी एकटा. माझ्या मशीनचा कडकडाट सुरू झाला की अंबडच्या देवळावरची कबुतरं उडत, असं लोक म्हणत. लोक म्हणजे मुख्यतः मी.

आता माणिकरावांचा रोग सांगतो. एकदा हेड ऑफिसनं त्यांच्या रिपोर्टाच्या कडेला 'भाषा उत्तम' असा शेरा मारला. तेव्हापासून आमच्या ऑफिसचा रिवाज पडला: एकदा वापरलेला शब्द पुन्हा वापरायचा नाही, आणि पुढचा शब्द मागच्यापेक्षा उंच पाहिजे. मिस्त्रीनं पहिल्यांदा ठोकून ठोकून दांडा थोडा सरळ केला आणि चाक अर्धा फेरा हललं, तेव्हा मी 'सक्सीडेड' लिहिलं. म्हणजे जमलं. लगेच दांडा पुन्हा वाकला. पण 'जमलं'च्या खाली उतरायचं नाही, म्हणून 'अचीव्ह्ड'. म्हणजे गाठलं. मग 'अकम्प्लिश्ड', पार पाडलं. इंजिन जागचं हलत नव्हतं आणि शब्द गडाच्या पायऱ्या चढत होते.

"रावसाहेब, 'इंजिन बंद आहे' असंच लिहू का? साधी इंग्रजी आहे. मला येते," मी म्हणालो.

"तशी इंग्रजी कोणाला बी येते! तुम्हाला पगार कशाचा देतो?"

मी 'ट्रायम्फ्ड' लिहिलं. हत्तीवर बसून वेशीतून आत यावं, असा शब्द आहे तो.

हेड ऑफिसचं उत्तर लगेच आलं. इंजिनावर विजय मिळवल्याबद्दल अभिनंदन. त्याअर्थी नव्या दांड्याची मागणी रद्द. त्याअर्थी दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रीचीही गरज उरली नाही, हंगाम सुरू होताच त्याला मोकळं करावं. आणि हे विजयी इंजिन पाहायला बडे साहेब स्वतः येत आहेत.

मी वाचून दाखवलं. हबीबनं वाकडा दांडा माझ्या टेबलावर ठेवला.

"म्हंजे इंजिन बंद ते बंद, अन् मलाच काढून राह्यले? घरी खाणारी सहा तोंडं हायेत, बाबूजी. त्यांना काय ट्रायम्फ खाऊ घालू?"

"घाबरू नको," माणिकराव म्हणाले. "साहेबाला चाक फिरताना दाखवू. खूश झाला की तुझी शिफारस करतो. चाक कसं फिरवायचं ते तू बघ."

हबीबनं डोकं खाजवलं. "भिंतीच्या मागं खांब रोवतो. त्याला घाण्यासारखी आडवी लाकडी लाट लावतो अन् पट्टा इकडं घेतो. तेल्याच्या घाण्याचा बैल आणा. तो गोल गोल फिरतो, थांबत न्हाई."

"तेल्याचा बैल?" माणिकरावांना ते लागलं. "डोळ्याला झापड बांधलेलं मरतुकडं जनावर कंपनी चालवणार? पाटलाच्या मळ्यातली मोटेची जोडी आणा! बैल कसे, रेल्वे इंजिनं आहेत!"

"रावसाब, मोटेचे बैल न्हाई चालायचे, ते..."

"बिलकुल चालतील!"

बैल आले. खरंच बैल होते! एकानं शेपटी झटकली तर शिपायाची पगडी औरंगाबादच्या गाडीत जाऊन पडली. बरोबर मोट हाकणारा सखाराम आला. इंजिन चालू दिसावं म्हणून बॉयलरमध्ये ओल्या तुराट्या पेटवल्या. धूर इतका झाला की स्टेशन मास्तरनं भरदिवसा कंदील लावले.

साहेब आले. उंच, काटकुळे, तोंडात पाइप. माणिकरावांनी भिंतीवर छत्री आपटून इशारा केला. काही नाही. पुन्हा आपटली. भिंतीमागून सखारामचा आवाज आला, "रावसाब, गाणं म्हणल्याबिगर बैल पाय उचलत न्हाईत!"

"मग म्हण की!" माणिकराव खेकसले.

सखारामनं असा सूर लावला की काय सांगू. आणि चाक हललं! पट्टा सरसरला, यंत्रं खडखडली, कापूस आत गेला, इकडून रुई, तिकडून सरकी.

"हे कोण गातंय?" साहेबांनी विचारलं.

"प्रार्थना आहे," मी इंग्रजीत सांगितलं. "इंजिन श्रद्धाळू आहे."

तेवढ्यात सखारामचं कडवं संपलं.

ज्यांनी मोट पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. मोटेचे बैल उतारावरून ठरावीक अंतर पुढं जातात. विहिरीतून पाणी वर येऊन सांडलं आणि गाण्याचं कडवं संपलं की तेवढंच अंतर उलट्या पावलांनी मागं येतात. त्यांचा सारा जन्म तेवढ्यात जातो. आमच्या बैलांनीही कडवं संपल्याबरोबर इमानदारीनं मागं पाय टाकायला सुरुवात केली.

चाक उलटं फिरलं. यंत्रं उलटी फिरली. काढलेली सरकी, शपथेवर सांगतो, एकेक करून परत कापसात जाऊन बसली. दुसरं कडवं, चाक सुलटं. कडवं संपलं, चाक उलटं. साहेबांच्या तोंडातला पाइप विझला.

ते सावकाश भिंतीशी गेले, टाचा उंचावून पलीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हबीबनं डोळे मिटून घेतले.

"टायपिस्ट," साहेब म्हणाले, "याला कोणता शब्द लिहिणार होता?"

"'कॉंकर्ड' शिल्लक आहे, साहेब. म्हणजे जिंकलं."

मला वाटलं, आता आम्ही तिघंही घरी. पण साहेबांचा चेहरा चिडल्यासारखा नव्हता, अडकल्यासारखा होता. खुर्चीत बसून ते हळूच म्हणाले, "तुमचा 'ट्रायम्फ्ड' मी लंडनच्या मालकांना कळवला. त्याच्यामागं 'ग्लोरियसली' मी स्वतःच्या पदरचं जोडलं. आता हे इंजिन बिघडलेलं असूच शकत नाही."

तोड त्यांनीच काढली. नवा दांडा 'जादा' म्हणून पाठवायचा. जादा दांडा सांभाळायला माणूस लागतोच, म्हणून मिस्त्री कायम.

हे मी मराठीत सांगितलं तेव्हा हबीबनं विचारलं, "म्हंजे मी दांडा बसवायचा, का राखण करायची?"

"राखण कर," माणिकराव म्हणाले, "इंजिनाच्या आत ठेवून."

दांडा आला, हबीबनं दिवस मावळायच्या आत बसवला आणि इंजिन असं सुरू झालं की गोदावरीपलीकडच्या गायी वळून बघू लागल्या. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागली. माणिकराव धावत माझ्याकडे आले. "लिहा! आता मोठ्यात मोठा शब्द लिहा!"

'कॉंकर्ड' ते साहेबांच्या भेटीवर खर्च करून बसले होते. डिक्शनरी खरवडून झाली. यशाचा एकही इंग्रजी शब्द उरला नव्हता. टपाल निघायची वेळ झाली, तेव्हा मी टाइप केलं, 'इंजिन चालू आहे.'

उलट टपाली हेड ऑफिसची विचारणा आली: जालन्याच्या रिपोर्टाचा सूर एकदम उतरला आहे, इंजिनाला काय झालं? बिघाड मोठा असेल तर नवा मिस्त्री पाठवतो.

हबीबची नोकरी वाचवायला आम्हाला पुन्हा डिक्शनरी काढावी लागली. तात्पर्य एवढंच की काम झालं असेल तर वरच्यांना ते जरा फुगवूनच सांगावं. साधं सांगितलं तर त्यांना संशय येतो.