पायथ्याचा जोडेवाला

ऑफिसात तिला सगळे आकडेताई म्हणत, आणि त्यात चेष्टा थोडी, धाक जास्त होता. लाखो लोक आपापल्या घरी बसून एकत्र खेळतात असा एक खेळ ती कंपनी चालवायची. राक्षस मारायचे, तलवारी, चिलखतं, जोडे मिळवायचे आणि ते घालून आणखी मोठे राक्षस मारायचे, हा त्यांचा धंदा. कुठल्या तलवारीत किती जोर आणि कुठल्या जोड्यात किती वेग, हे आकडे ठरवायचं काम आकडेताईचं. चौदा वर्षं एकच खुर्ची. चाकं दोनदा बदलली, बाई तीच.

खेळातली सगळ्यात पहिली जागा म्हणजे पायथा. एक दरी, एक ओढा, बारा घरं आणि शत्रू म्हणाल तर रानडुकरं. हे सगळं तिने स्वतः रचलं होतं. पण दर वर्षी वर एखादा नवा प्रदेश उघडायचा, तिथे आधीपेक्षा भारी वस्तू मिळायच्या आणि खालचं सगळं भंगारात निघायचं. आता तर नवखे खेळाडूही पायथ्याला बगल देऊन थेट वर जात. दिवसाला चाळीस माणसं इकडे फिरकत, आणि त्यातली निम्मी रस्ता चुकलेली.

"ताई, पुढच्या महिन्यात नवा प्रदेश उघडला की पायथा बंद करून टाकू," मोठे साहेब म्हणाले. साहेब माणूस वाईट नव्हता, कायम घाईत असायचा एवढंच. "जिथे कुत्रं फिरकत नाही तिथे दिवे कशाला जाळायचे?"

"मला तोवर वेळ द्या," ती म्हणाली.

कारण पायथ्यात तिचे बाबा होते. म्हणजे खरे बाबा घरी आरामखुर्चीत रेडिओ ऐकत होते, पण चौदा वर्षांपूर्वी पायथ्यात एक जोडेवाला हवा होता आणि तिने डोळे मिटून बाबांनाच तिथे बसवलं होतं. तोच वाकलेला खांदा, तोच चष्मा, तोंडात धरलेले तेच खिळे. खेळाडू फाटका जोडा घेऊन आला की तो म्हणायचा, "अरे देवा, याला कुणी कुत्र्याच्या तोंडातून सोडवलं का?" आणि कुणी घाईघाईने त्याच्यावर माउसच्या फार टिचक्या मारल्या तर, "घाई असेल तर अनवाणी जा." बाबांना मात्र तिने हे कधी सांगितलं नव्हतं. आपली टिंगल केली असं वाटलं तर काय घ्या!

बाबांचं खरं दुकान दोन हात रुंद होतं. एक ठोकळा, एक हातोडी, मेण लावलेला दोरा आणि जोड्यांना आकार द्यायचे भिंतभर लाकडी पाय. बरोब्बर एक वाजता ते दाराला पुठ्ठ्याची पाटी लावत, 'जेवायला गेलोय. येतो.' मग लोक जोडे दुरुस्त करायचंच विसरले. तळ फाटला की नवा घ्यायचा. आठ वर्षांपूर्वी एका दुपारी बाबांनी सवयीने पाटी लावली, घरी येऊन जेवले आणि परत गेलेच नाहीत. ती पाटी दारावर कित्येक महिने लटकत होती. ते दुकान तिला वाचवता आलं नव्हतं, आणि आता हे दुसरंही जाणार या विचाराने तिला रडू येई.

तिने आधी सरळ उपाय केला. पायथ्यातली बक्षिसं वाढवून पाहिली. चाचणीला बसवलेली मंडळी धाडकन आली, बक्षीस उचललं आणि पसार झाली. शिवाय, खाली इतकं भारी मिळतंय म्हटल्यावर मधल्या सगळ्या प्रदेशांचे आकडे फिके पडले. तिने मुकाट्याने सगळं होतं तसं केलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी ती नवे जोडे घालून बाजारात गेली आणि लंगडत परत आली. दोन्ही टाचांना फोड.

"चावला ना?" बाबांनी तिला न विचारताच जोडा हातात घेतला, वाकवला, वास घेतला. "कातडं चांगलं आहे. पण नवा जोडा चावणारच गं! आधी रुळवायचा. चार दिवस घरात, चार दिवस गल्लीत, सपाट रस्त्यावर. पहिल्याच दिवशी डोंगर चढायला निघालीस तर जोड्याचं काही जात नाही, पाय जातो."

आकडेताई फोडावर मलम लावत होती. तिचा हात थांबला.

"बाबा, परत म्हणा."

"काय? पाय जातो?"

"नाही हो. रुळवायचा, ते."

दुसऱ्या दिवशी ती साहेबांच्या समोर बसली. "नव्या प्रदेशातले जोडे नवे असताना चावतील," ती म्हणाली. "अर्धाच वेग देतील. ते पायथ्यातल्या सपाट वाटांवर चालून रुळवायचे आणि शेवटचा टाका तिथल्या जोडेवाल्याकडून घालून घ्यायचा. मग पूर्ण वेग."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, लोक आपल्याला उभं-आडवं झोडपतील!"

"झोडपू देत. सूचनेखाली माझं नाव घाला. पंधरा दिवस द्या, नाही जमलं तर मी स्वतः पायथ्याला कुलूप लावते."

नवा प्रदेश उघडला आणि पहिले तीन दिवस शिव्यांचा पाऊस पडला. एकाने तर 'आकडेताईला हे जोडे घालून पळवा' अशी मागणी केली. ती डबाही न उघडता पडद्यापुढे बसून राहिली. चौथ्या दिवशी सगळे शिव्या देऊन दमले असावेत, कारण लोक चालायला लागले. सोनेरी चिलखतातले मोठमोठे वीर ओढ्याकाठी हळूहळू फिरू लागले. कुणी म्हणे, "अरे, इथेच मला पहिल्यांदा डुकराने लोळवलं होतं!" आणि कुणी एखाद्या नवख्याला डुकरापासून वाचवत होतं.

आणि मग रांग लागली. जोडेवाला एका वेळी एकच जोडा हातात घेई. चौदा वर्षांपूर्वी तिनेच तसं लिहून ठेवलं होतं, कारण बाबा तसेच होते, आणि ती ते साफ विसरली होती! रांग पुलापर्यंत गेली, पूल ओलांडून रानात शिरली. तंत्रवाले धावत आले, "ताई, चूक झालीये, दुरुस्त करू का?" तिने रांगेतल्या गप्पा वाचल्या. लोक एकमेकांना जोडे दाखवत होते, पत्ते विचारत होते, भांडत होते, जोडेवाल्याचं बोलणं ऐकायला पुन्हा रांगेत लागत होते.

"राहू द्या," ती म्हणाली.

पंधराव्या दिवशी पायथ्यात चार हजार माणसं होती. साहेब स्वतः चहा घेऊन आले. "कुलूप नको," एवढंच म्हणाले. तिचा जीव भांड्यात पडला.

त्या संध्याकाळी तिने लॅपटॉप बाबांच्या मांडीवर ठेवला. बाबांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला.

"हा कोण? मी?"

"हो. रागावलात?"

तेवढ्यात जोडेवाला कुणावर तरी खेकसला, "घाई असेल तर अनवाणी जा." बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांचं बोट पडद्यावरून सरकत गेलं, दुकानापासून पुलापर्यंत, पुलापासून रानापर्यंत.

"ही सगळी माणसं जोडे घेऊन आलीत?"

"हो, बाबा."

"दुरुस्तीला?"

"हो."

बाबांनी चष्मा काढला. डोळे भरून आले होते, ते त्यांनी लपवलेही नाहीत. मग कपाळाला आठ्या पडल्या. "दुकान बंद किती वाजता करतो?"

"बंद होतच नाही. रात्रंदिवस चालू."

"आणि जेवतो कधी?"

 चौदा वर्षांत आकडेताईने सगळे आकडे मांडले होते आणि हा एक राहून गेला होता.

पुढच्या आठवड्यात एक वाजता जोडेवाल्याने हातोडी खाली ठेवली, दाराला पाटी लावली आणि आत गेला. साहेबांचा फोन लगेच आला. "अहो ताई, चार हजार लोक उभे आहेत!"

"उभे राहू देत," ती म्हणाली. "येतो म्हणून लिहिलंय ना त्याने."

त्या दिवशी ती घरीच होती, आणि बाबा जेवण आटोपून, हात धुऊन, तिच्या शेजारी पडद्यापुढे येऊन बसले होते. दीड वाजता पाटी निघाली.

"आला बघ," बाबा म्हणाले.