कॅसेटींची खंडेनवमी

पैठण रस्त्यावर, चितेगावच्या अलीकडे, बियाण्यांच्या एका कंपनीत मी सात वर्षं संगणक विभाग सांभाळला. विभाग म्हणजे मी, एसी लावलेली एक खोली, एक सर्व्हर आणि एक लोखंडी कपाट. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि आज कारखाने असलेल्या शेंद्र्याला बहुतेक शेतंच होती. लग्नाच्या खटपटीत मुली बघायला जायचो, तेव्हा मुलीचे वडील विचारायचे, नेमकं काम काय करता? मी बॅकअप घेतो असं सांगायचो आणि मग तो कसा घेतात ते समजावत बसायचो. चहा गार व्हायचा, मुलगी आत निघून जायची, तरी माझं संपायचं नाही.

खरं तर हा प्रकार आमच्या घरात नवा नव्हता. आजोबा निजामाच्या अमलात तहसील कचेरीत नकलनवीस होते. पोलीस ॲक्शननंतर उर्दू कागद गेले, मराठी आले, त्यांचं काम मात्र तेच राहिलं. असल कागदाची नक्कल झाली की एकानं असल मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं नकलेवरून बोट फिरवायचं. याला ते मुकाबला म्हणत आणि मुकाबल्याशिवाय सही करत नसत. हे मी मित्रांना कौतुकानं सांगायचो. माझ्या स्वतःच्या नकलांचा मुकाबला सात वर्षांत मी एकदाही केला नाही.

माझी पद्धत पुस्तकात सांगितल्यासारखी होती. रविवारी फुल बॅकअप, म्हणजे सर्व्हरवरचं सगळंच्या सगळं एका कॅसेटवर. कॅसेट काडेपेटीहून थोडी मोठी. सोमवार ते शनिवार इन्क्रिमेंटल, म्हणजे आदल्या दिवसापासून जेवढं बदललं तेवढंच. त्यात वेळ वाचतो, पण सगळं परत आणायचं तर आधी रविवारची कॅसेट, मग सोमवारची, मग मंगळवारची अशी ओळीनं लावावी लागते आणि मधली एक बिघडली की पुढच्या फुकट जातात. चार आठवडे झाले की पहिल्या कॅसेटीवर पुन्हा लिहायचं. मागचं किती दिवस जपायचं, या हिशेबाला रिटेन्शन म्हणतात. शिवाय दर सहा महिन्यांनी एक फुल कॅसेट शहरातल्या ऑफिसात पाठवायची, म्हणजे कारखान्याला आग लागली तरी ती वाचेल.

सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या. एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवर उमटायचं, याला मिररिंग म्हणतात. आमचे मॅनेजर विचारायचे, दोन आहेत तर कॅसेटींचा खर्च कशाला? मी म्हणायचो, आरशापुढचा माणूस पडला की आरशातलाही पडतो. हे वाक्य मला फार आवडायचं आणि मी ते नको तिथेही वापरायचो.

बॅकअप झाला की कॅसेट घालायच्या ड्राइव्हवर हिरवा दिवा लागायचा. लिहिलं गेलं, एवढंच तो सांगतो. वाचता येतं का, हे कळायला दुसऱ्या रिकाम्या मशीनवर सगळं परत उतरवून, म्हणजे रिस्टोर करून बघावं लागतं. रिकामं मशीन कंपनीकडे नव्हतं आणि मीही कधी मागितलं नाही.

या सगळ्यात ज्यांचं खरोखर काही पणाला लागलं होतं ते आमचे बाजरीचे ब्रीडर. लासूर स्टेशनजवळच्या शेतकरी घरातले, शेतकी कॉलेज शिकलेले, निवृत्तीला जेमतेम सहा महिने उरलेले. सगळे त्यांना काका म्हणायचे, मीही. बाजरीवर केवडा नावाचा रोग पडतो. कणसाच्या जागी हिरव्या पानांचा झुपका येतो आणि दाणा भरत नाही. हा रोग न लागणारा वाण काढायचा म्हणून काका बारा वर्षं बाजरीच्या शेकडो ओळी, म्हणजे वेगवेगळे वंश, एकमेकींशी जुळवत होते. कोणती ओळ कोणापासून झाली, कुठल्या प्लॉटमध्ये पेरली, तिथं किती झाडं आजारी पडली, हे सगळं माझ्या सर्व्हरवर. शीतगृहात बियांची पाकिटं होती, पण त्यांच्यावर नुसते त्या वर्षाचे प्लॉट नंबर असायचे. फाइलशिवाय त्या पाकिटांना काही अर्थ नव्हता.

पूर्वी काका वह्या ठेवायचे. वह्या मीच बंद केल्या. शेतात छापील तक्त्यावर पेन्सिलीनं भरायचं, संध्याकाळी एंट्री करायची आणि तक्ता फाडायचा, असा नियम केला. कागदावर एक आणि संगणकावर दुसरं असं झालं तर खरं कुठलं मानायचं, हे माझं म्हणणं. काकांनी थोडी कुरकुर केली आणि मग मुकाट्यानं तक्ते फाडू लागले.

त्या वर्षीच्या खरिपात केवडा जोरात आला. आजूबाजूचे शेतकरी हवालदिल झाले होते आणि काका मात्र लहान मुलासारखे खूश. एवढा रोग बारा वर्षांत पडला नव्हता. रोग पडल्याशिवाय कोण टिकतं ते कळत नाही, हे ते कँटीनमध्ये ताट बाजूला सारून सांगायचे. चारशे प्लॉट होते. बहुतेकांत झुपकेच झुपके आणि मोजक्या ओळी स्वच्छ. बी सगळ्याच प्लॉटमधल्या चांगल्या झाडांचं घेतलं. आजारी प्लॉटमध्येही एखादं झाड नशिबानं सुटलेलं असतं आणि त्याच्या बीवर भरवसा ठेवता येत नाही. स्वच्छ प्लॉट कुठले, ते फाइलमध्येच होतं. आकडे नीट आत गेलेत ना, एवढंच ते मला विचारायचे. मी हिरवा दिवा दाखवायचो.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी कारखान्यात कुणी काम करत नाही, सगळे आपापली हत्यारं पुजतात. वर्कशॉपवाल्यांनी पाने-पकडी मांडल्या, ड्रायव्हरांनी गाड्या धुऊन झेंडूच्या माळा घातल्या. माझ्या खोलीत दरवर्षी कीबोर्डवर फूल ठेवून भागायचं. त्या वर्षी मला वाटलं, आपलं खरं हत्यार म्हणजे कॅसेटी. सगळ्या कपाटाबाहेर काढल्या आणि टेबलावर लाल कापड घालून मांडल्या. शहरात पाठवायची सहामाही कॅसेटही त्यातच होती. ती आठवड्याभरापूर्वीच जायला हवी होती, पण म्हटलं पूजा होऊ दे, दसरा झाला की मुहूर्तावर पाठवू. डब्यांना हळद-कुंकू लावणं मला बरं वाटेना. डबी म्हणजे काही हत्यार नव्हे. म्हणून मी प्रत्येक कॅसेट डबीतून काढून नागडी ठेवली.

पूजेला वडीलधारं माणूस हवं म्हणून काकांना बोलावलं. त्यांनी पायातली चप्पल बाहेर काढली, रुमाल डोक्यावर घेतला आणि एकेका कॅसेटीवर चिमटीनं हळद, कुंकू आणि अक्षता वाहिल्या. कॅसेटीच्या कडेला एक सरकतं झाकण असतं, त्याच्या फटीत लाल रेघ उतरलेली मला दिसली होती. मला ती छान वाटली.

दसऱ्याची सुटी झाली. तिसऱ्या दिवशी सकाळी रोहित्र दुरुस्त करून लाइन जोडली ती भलत्याच दाबानं आली आणि सर्व्हरच्या दोन्ही डिस्क एकदम गेल्या. आरशाचं वाक्य आता मला कुणी ऐकवलं नाही, ही त्यांची मेहेरबानी.

मी घाबरलो नव्हतो. नवीन डिस्क संध्याकाळपर्यंत आली, दुसऱ्या दिवशी मी रविवारची कॅसेट फडक्यानं वरवर पुसून ड्राइव्हमध्ये घातली. ड्राइव्हनं कुरकुर केली आणि कॅसेट बाहेर टाकली. इथं थांबायला हवं होतं. रिस्टोर कधी करून पाहिला नसल्यामुळे कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हेच मला माहीत नव्हतं. मी तिच्या आदल्या आठवड्याची घातली, मग त्याआधीच्या दोन्ही, मग सहामाही. कुंकवाची पूड ड्राइव्हमधल्या, पट्टी वाचणाऱ्या हेडला चिकटली होती आणि प्रत्येक नव्या कॅसेटीची पट्टी ते खरडत होतं. शेवटची अडकली तेव्हा मी ड्राइव्ह उघडला आणि माझी बोटं लाल झाली.

शहरातल्या ऑफिसात मार्चची कॅसेट होती. दुसऱ्या ड्राइव्हवर ती नीट उतरली. या धंद्यात विचारतात, संकट आलं तर किती मागे गेलेलं तुम्हाला चालेल? एक तास, एक दिवस? आम्ही पावसाळ्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो होतो. बाकी सगळ्या विभागांनी कागदांवरून आपापलं पुन्हा भरलं आणि महिन्याभरात ते विसरलेही. काकांकडे कागद नव्हते.

मी मॅनेजरना अहवाल दिला त्यात कॅसेट सदोष असं लिहिलं. हळद-कुंकवाचा उल्लेख केला नाही. काकांना तर सांगणं शक्यच नव्हतं. कॅसेटी मी उघड्या ठेवल्या हे सांगायचं तर चिमूट कुणाची होती तेही निघालं असतं. बारा वर्षांच्या कामाचं फळ या माणसानं आपल्याच हातानं पुसलं, हे त्याला त्याच्या शेवटच्या सहा महिन्यांत कशाला कळायला हवं, असं मी स्वतःला समजावलं. त्यात माझीही सोय होती, हे मला तेव्हाही कळत होतं.

खराब कॅसेटी मी पुण्याला एका डेटा रिकव्हरीवाल्याकडे पाठवल्या. त्यानं पहिल्याच आठवड्यात फोनवर सांगितलं, पट्टी खरवडली गेली आहे, फाइलींची नावं निघतील, आतलं काही निघेल असं वाटत नाही, तरी बघतो. यातलं 'तरी बघतो' एवढंच मी काकांना सांगितलं. रोज सकाळी ते खोलीच्या दारात उभे राहायचे आणि मी म्हणायचो, काम चालू आहे, येईल.

दिवाळीच्या तोंडावर ते एकदा आत येऊन खुर्चीत बसले. बाजरीच्या रानात अजून धसकटं उभी होती, प्लॉटच्या खुंट्याही जागेवर होत्या. हरभऱ्यासाठी रान मोकळं करा म्हणून वरून तगादा चालला होता.

"नांगर घालू का रे?" त्यांनी विचारलं. "फाइल येतीय ना?"

मी संगणकाकडे बघत म्हणालो, "घाला काका. येईल."

नांगर फिरला. संक्रांतीनंतर पुण्याहून कॅसेटी परत आल्या, सोबत काकांच्या त्या खरिपाच्या फाइलींच्या नावांची यादी. प्लॉटमागे एक अशी बरोब्बर चारशे नावं होती, आत काही नव्हतं. यादी काकांना दिली तेव्हा त्यांनी ती घडी करून खिशात ठेवली आणि पाकिटं पुढच्या खरिपात पुन्हा पेरू म्हणाले. मार्चअखेर ते निवृत्त झाले. निरोपसमारंभात त्यांना घड्याळ दिलं.

जूनमध्ये ते परत आले. पगार नाही, पद नाही, सकाळच्या पॅसेंजरनं लासूर स्टेशनवरून यायचं आणि स्टँडवरून पैठणची एसटी धरायची. नव्या ब्रीडरनं चांगुलपणानं त्यांना रान दिलं. चारशे पाकिटं त्यांनी स्वतः उभं राहून पेरून घेतली. गेल्या वर्षी कुठली ओळ टिकली ते यंदाचा केवडा पुन्हा सांगेल, एवढाच हिशेब होता.

पाऊस वेळच्या वेळी आला, मोजून मापून. ऑगस्टच्या शेवटी मी रानात गेलो. काका बांधावर होते आणि हातातल्या तक्त्यावर त्यांनी काही लिहिलेलं नव्हतं.

"यंदा रोगच नाय," ते म्हणाले. "लई चांगलं आलंय सगळं. चारशेच्या चारशे सारखे."

तेव्हा मी सांगितलं. कॅसेटी डबीतून मी काढल्या, कुंकू आत गेलं, एकीनं बिघडलेल्या ड्राइव्हमध्ये मीच बाकीच्या घातल्या, आणि पुण्याच्या माणसानं पहिल्याच आठवड्यात हात टेकले होते. कुंकू कुणी वाहिलं ते मी बोललो नाही.

"कुंकू मी लावलं व्हतं," ते म्हणाले. "त्याचं काय नाय. हातून होतं मानसाच्या." मग आवाज न चढवता, "पण तवाच सांगायचं ना. दिवाळीपर्यंत सगळं डोळ्यापुढं व्हतं माझ्या. धसकटात हिंडून एकेक प्लॉट सांगितला असता, निम्मं तरी बराबर आलं असतं. तू येईल म्हणलास म्हणून मी आठवलंच नाय."

मी विचारलं, आता काही आठवतं का?

त्यांनी रानाकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. पुढे ते चालू लागले तसा मी त्यांच्या मागून गेलो. बाजरी डोक्याच्या वर गेली होती, कणसं भरगच्च होती, कुठे एक झुपका नव्हता आणि चांगल्या पिकाचा राग येण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ होती.