हाय, छोटी

आखातात तेलविहिरींवर मी बरीच वर्षं फिटर होतो. तिथे एक काम शिकलो, ते ऐकून महाडात लोक हसायचे: डोळ्यांना न दिसणारी गळती मोजणं. व्हॉल्व, फ्लँज, पंपांची सीलं, सगळे सांधे मोजायचे. प्रत्येकावर साबणाचं पाणी मारायचं. फेस फुगला की गळती आहे, आणि किती फुगला त्यावरून छोटी की मोठी. प्रत्येक प्रकाराला पुस्तकात ठरलेला आकडा असतो. गळणाऱ्या सांध्यांची संख्या त्याने गुणली की वर्षाला किती माल हवेत उडतो त्याचा अंदाज निघतो. हसणाऱ्याला मी म्हणायचो, घरचा सिलिंडर गळू दे, मग बघू किती हसतोस.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी परत आलो आणि महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका सॉल्व्हंटच्या कारखान्यात लागलो. हाताखाली आठ फिटर, कुणी नाते गावचा, कुणी कापड्याचा. प्लांटमधले सगळे सांधे आमच्या हातचे. मला त्यांचा गर्व होता आणि तो मी लपवतही नव्हतो.

म्हणून साहेबांनी गळतीचा अंदाज काढायला सांगितला तेव्हा मी खूशच झालो. लिहून घ्यायला एक नवा इंजिनियर दिला, थेट चेन्नईहून आलेला. पहिलीच नोकरी, हिंदी यथातथा, मराठी शून्य. मी पाइपांवर चढून फवारा मारायचो आणि वॉकीटॉकीवर सांगायचो, तो खाली बसून लिहायचा. त्याच्या सोयीसाठी नंबर इंग्रजीत, बाकी तोंडात येईल ते. "व्हॉल्व ट्वेंटी वन, हाय, छोटी." "फ्लँज ट्वेंटी टू, नाय." दोन दिवसांत काम संपलं.

चौथ्या दिवशी साहेब वर्कशॉपमध्ये आले. आठही जणांना उभं करून मला म्हणाले, "चाचा, हा प्लांट आहे की चाळण? पुढच्या महिन्यापासून देखभाल ठाण्याच्या कंत्राटदाराकडे. त्याने तुमची माणसं घेतली तर घेतली."

माझं डोकंच सटकलं. पोरांची तोंडं बघवत नव्हती. तडक जाऊन त्या इंजिनियरचे कागद ओढले. बघतो तर जिथे गळती, तिथे प्रत्येक ओळीत इंग्रजीतलं 'हाय'. अहो, जिथे जेमतेम एक बुडबुडा आला होता तिथेसुद्धा!

"ये हाय किसने लिखा?"

"चाचा, आप ही तो बोले. हाय, छोटी. हाय मतलब ज्यादा. छोटी मतलब छोटा व्हॉल्व."

मी जिन्यावर बसलोच. या खुदा! "अरे बाबा, हमारे यहाँ हाय मतलब है! है, बस!" हसावं की त्याला दोन ठेवून द्याव्यात, कळेना. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. पण गडी पक्का निघाला. "मैं खुद बताता हूँ," म्हणाला आणि सरळ साहेबांच्या केबिनमध्ये शिरला.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून पुन्हा मोजणी, या वेळी साहेब स्वतः सोबत. अख्ख्या प्लांटमध्ये मोठ्या गळत्या निघाल्या तीन. तिन्ही ठिकाणी व्हॉल्वच्या दांड्याभोवतीचं पॅकिंग दाबणाऱ्या ग्लँड आम्ही त्यांच्यादेखत आवळल्या, पुन्हा पाणी मारलं, फेसाचा टिपूस नाही. नवा अंदाज जुन्याच्या पासंगालाही पुरत नव्हता. माझी छाती अशी फुगली होती की शर्टाची बटणं सांभाळावी लागली.

केबिनमध्ये साहेब हळूच म्हणाले, "ठीक आहे चाचा, कंत्राट रद्द."

"इथे नाय, साहेब," मी म्हणालो. "त्यांना जिथे उभं करून सांगितलंत, तिथे चला."

आले बिचारे. हेल्मेट काढून आठ जणांसमोर उभे राहिले. "तुमचे सांधे घट्ट आहेत. चूक आमच्या कागदाची होती. काम तुमच्याकडेच राहील."

कापड्याचा आमचा फिटर सगळ्यांत मागे उभा होता. त्याने कानाला हात लावला. "काय म्हनलात, साहेब? पंपाच्या आवाजात नीट ऐकू नाय आलं."

वर्कशॉपशेजारचा पंप तर बंद होता. साहेबांनाही ते दिसत होतं. तरी त्यांनी पुन्हा सांगितलं, पहिल्यापेक्षा मोठ्याने.